नवी भाषा शिकायची? चिप-८ चा एम्युलेटर लिहा

नवी प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतली की पहिले काही दिवस मजेत जातात. लूप कसा लिहायचा, फंक्शनला काय पाठवायचं, हे आधीच्या भाषेमुळे माहीत असतंच. इथे फक्त लिहायची पद्धत वेगळी असते. पंचाईत होते ती पुस्तकातली उदाहरणं संपल्यावर. आता काय लिहायचं ते सुचत नाही. मग बरेच जण कामांची यादी ठेवणारं छोटं ॲप करायला घेतात. त्यात बटण कुठे ठेवायचं, डेटा कुठे साठवायचा यावरच निम्मा वेळ जातो आणि भाषेचा जो भाग खरोखर वेगळा आहे, त्याच्याशी गाठच पडत नाही.

अशा वेळी जुन्या गेमचा एम्युलेटर लिहावा, असं माझं ठाम मत आहे. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचं वागणं दुसऱ्या यंत्रावर हुबेहूब वठवणारा प्रोग्राम. त्याचा मोठा फायदा हा, की काय बनवायचं ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं असतं. मेमरी किती, पडदा केवढा, कुठल्या आज्ञेने काय घडतं, यातलं काहीही तुम्हाला ठरवायचं नसतं. तुमच्यापुढे एकच प्रश्न उरतो: हे या भाषेत कसं लिहायचं? आणि उत्तर बरोबर आलं की चूक, ते पडद्यावर दिसतं.

या लेखात मी उदाहरणासाठी रस्ट ही भाषा घेतली आहे. पायथॉन किंवा जावामध्ये काम करणारे पुष्कळ जण सध्या तिच्याकडे वळतात आणि पहिल्या महिन्यातच वैतागतात. भाषा दुसरी असली तरी रस्ता हाच.

कुठल्या यंत्रापासून सुरुवात?

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना लगेच टीव्हीला जोडायचा कार्ट्रिजवाला गेम आठवेल. मारिओ, कॉन्ट्रा, आणि सुट्टीत रिमोटवरून होणारी भांडणं. आपल्याकडे आलेली ती यंत्रं बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. मन तिकडेच धावतं, पण सुरुवात तिथून करू नका. फॅमिकॉममध्ये चित्र काढणारी चिप मुख्य प्रोसेसरपासून वेगळी, स्वतःच्या वेगाने चालते आणि दोघांचा ताल तुम्हाला सांभाळावा लागतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये वरची गुणांची पट्टी जागेवर राहते आणि खालचं जग सरकतं. त्यासाठी गेम एका ठरावीक स्प्राइटचा, म्हणजे हलत्या छोट्या चित्राचा, पिक्सेल पडद्यावर कधी रंगतो याची वाट बघत थांबतो. ती खूण एम्युलेटरने दिली नाही, तर मारिओ तिथेच गोठतो. नव्या भाषेत लिहिताना असं अडकलात तर चूक भाषा न समजल्यामुळे झाली की यंत्र न समजल्यामुळे, हे उलगडत नाही. दोन्ही अंधार एकदम नकोत.

म्हणून चिप-८. जोसेफ वाइसबेकर यांनी १९७० च्या दशकात ती आरसीए कंपनीच्या कॉस्मॅक व्हीआयपी या घरगुती किटसाठी तयार केली. हे किट १९७७ साली आलं. खरं तर चिप-८ ही प्रत्यक्ष चिप कधी नव्हतीच. गेम लिहिणं सोपं जावं म्हणून केलेली ती छोटीशी आज्ञावली होती आणि ती चालवणारा इंटरप्रिटर फक्त ५१२ बाइटांत मावत असे. वाइसबेकर यांची मुलगी जॉइस यांनीही आरसीएच्या या यंत्रांसाठी गेम लिहिले.

सगळं यंत्र एका परिच्छेदात सांगता येतं. मेमरी ४०९६ बाइट. एकेका बाइटाची १६ रजिस्टरं, व्ही० पासून व्हीएफ पर्यंत. मेमरीतला पत्ता धरून ठेवणारं आय नावाचं एक रजिस्टर. परतीचे पत्ते ठेवायला स्टॅक. सेकंदाला ६० वेळा एकेकाने कमी होणारे दोन टायमर. त्यातला एक शून्याच्या वर असेपर्यंत आवाज येत राहतो. ६४ बाय ३२ पिक्सेलचा काळा-पांढरा पडदा. १६ बटणांचा कीपॅड. आणि आज्ञा अवघ्या ३५, प्रत्येक दोन बाइटांची. गेम मेमरीत हेक्स २०० या पत्त्यापासून भरायचा, कारण त्याआधीच्या ५१२ बाइटांत मूळ यंत्रावर तो इंटरप्रिटर बसलेला असे. प्रोग्रामिंग येणाऱ्या माणसाचं हे काम दोन-तीन शनिवार-रविवारात होतं.

पहिलं लक्ष्य: सहा आज्ञा

पस्तीसच्या पस्तीस आज्ञा लिहून मग चालवून बघू, असं करू नका. चिप-८ शिकणाऱ्यांत 'आयबीएम लोगो' नावाचा १३२ बाइटांचा एक चिमुकला प्रोग्राम प्रसिद्ध आहे. तो पडद्यावर आयबीएमचं बोधचिन्ह काढतो आणि थांबतो. त्याला फक्त सहा प्रकारच्या आज्ञा लागतात.

त्याचे पहिले दहा बाइट हेक्समध्ये असे आहेत: ०० ई०, ए२ २ए, ६० ०सी, ६१ ०८, डी० १एफ. दोन-दोन बाइटांची जोडी म्हणजे एक आज्ञा. पहिली पडदा पुसते. दुसरी 'ए'ने सुरू होते. तिचा अर्थ आय मध्ये २२ए हा पत्ता ठेव. तिसरी व्ही० मध्ये ०सी, म्हणजे १२ ठेवते. चौथी व्ही१ मध्ये ८. पाचवी 'डी'ची, चित्र काढणारी: आय जिथे बोट दाखवतं तिथून १५ ओळींचं चित्र उचल आणि आडवं व्ही०, उभं व्ही१ या जागी काढ. म्हणजे पहिल्या पाच आज्ञांतच बोधचिन्हाचा डावीकडचा तुकडा पडद्यावर येतो.

हे कागदावर हाताने सोडवून बघा. मग लक्षात येतं की प्रत्येक आज्ञेचा गट तिच्या पहिल्या हेक्स अंकावरून कळतो आणि उरलेल्या तीन अंकांत कुठलं रजिस्टर, किती, कुठे हा तपशील असतो; काही गटांत नेमकी आज्ञा कुठली तेही तिथेच ठरतं. इथेच नव्या भाषेशी पहिली ओळख होते: फाइल बाइटांत कशी वाचायची, दोन बाइट जोडून १६ बिटांचा आकडा कसा करायचा, त्यातले चार-चार बिट कसे वेगळे काढायचे. रस्टमध्ये मोठा बाइट आधी ठेवून जोडणी करणारं फंक्शन तयार मिळतं, पण पहिल्यांदा शिफ्ट आणि ऑर वापरून स्वतः लिहा.

पडद्यासाठी ग्राफिक्स लायब्ररी अजिबात आणू नका. पेटलेल्या पिक्सेलला भरीव चौकोनाचं अक्षर, विझलेल्याला मोकळी जागा, असं टर्मिनलवर छापा. टर्मिनलमधलं अक्षर रुंदीपेक्षा उंच असतं, म्हणून एका पिक्सेलला दोन अक्षरं द्या; चित्र ताणलेलं दिसत नाही. नवी भाषा, नवं यंत्र आणि वर लायब्ररी जोडताना येणाऱ्या एरर, हे सगळं एकाच संध्याकाळी अंगावर घेणारे बरेच जण पहिल्या संध्याकाळीच थांबतात.

बेरजेची एक आज्ञा

भाषेचा स्वभाव खऱ्या अर्थाने कळतो तो एका साध्या आज्ञेत. पहिला अंक आठ आणि शेवटचा चार असलेली आज्ञा दोन रजिस्टरांची बेरीज करते. बाइटात २५५ पर्यंतच मावतं, म्हणून २०० आणि १०० यांची बेरीज ३०० न राहता ४४ उरते आणि हातचा आला म्हणून व्हीएफ मध्ये १ ठेवायचा. बस, एवढंच.

आता हीच आज्ञा वेगवेगळ्या भाषांत लिहून बघा. पायथॉनच्या आकड्याला वरची मर्यादाच नाही. साध्या यादीत ३०० निवांत बसून राहतात आणि भलत्याच ठिकाणी, शंभर आज्ञांनंतर, गेम वेडावाकडा वागू लागतो. तिथे रजिस्टरं बाइटॲरेमध्ये ठेवली तर ३०० भरताक्षणीच एरर येते, आणि ती आलेली चांगली. जावाचा बाइट उणे १२८ ते १२७ एवढाच, त्यामुळे २०० वाचले की उणे ५६ दिसतात. दर वेळी २५५ शी अँड करणं आलं. सी भाषा बेरीज मोठ्या इंटिजरमध्ये करते आणि परत ठेवताना वरचे बिट गुपचूप कापते. गो भाषेत आठ बिटांचा आकडा काही न बोलता गोल फिरून ४४ होतो. हातचा आला होता का, ते तुम्हीच शोधायचं.

रस्टमध्ये आठ बिटांचे दोन आकडे सरळ अधिकचं चिन्ह वापरून मिळवले, तर डीबग बिल्डमध्ये प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो आणि ओव्हरफ्लो झाल्याचं ओळ क्रमांकासह सांगतो. साध्या रिलीज बिल्डमध्ये मात्र तोच कोड मुकाट्याने गोल फिरतो. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटतं. मग तुम्ही दस्तऐवज उघडता आणि दिसतं की भाषेने प्रत्येक हेतूसाठी वेगळं फंक्शन ठेवलंय: रॅपिंग ॲड म्हणजे मला गोल फिरणंच हवंय, चेक्ड ॲड म्हणजे मावलं नाही तर 'काही नाही' असं उत्तर दे, ओव्हरफ्लोइंग ॲड म्हणजे उत्तरही दे आणि हातचा आला की नाही तेही सांग. हे शेवटचं फंक्शन तर चिप-८ च्या आज्ञेसाठीच केल्यासारखं चपखल बसतं. तुमचा हेतू काय ते कोडमध्ये स्पष्ट लिहा, हा रस्टचा आग्रह इथे प्रत्यक्ष काम करताना समजतो. नुसती व्याख्या वाचून तो अंगवळणी पडत नाही.

याच आज्ञेत एक चकवा आहे. व्हीएफ हे खास रजिस्टर असलं तरी बेरजेत ते स्वतःही भाग घेऊ शकतं. म्हणून आधी दोन्ही किमती वाचा, उत्तर काढा, उत्तर ठेवा आणि व्हीएफ सगळ्यात शेवटी लिहा. क्रम चुकला तरी बहुतेक गेम चालतात. मोजके गेम बिघडतात आणि कारण सापडता सापडत नाही. वजाबाकीत तर उलटं: उसनं घ्यावं लागलं नाही तर व्हीएफ १ आणि घ्यावं लागलं तर ०. रस्टचं ओव्हरफ्लोइंग सब उसनं घेतल्यावर 'खरं' म्हणतं, त्यामुळे ते उलटवून घ्यायचं.

कंपायलरशी जुळवून घेणं

आज्ञा ओळखण्यासाठी पायथॉनमधून आलेला माणूस इफ-एल्सची लांबलचक माळ लावतो. चालते ती, पण मग रस्ट शिकणं राहून जातं. इथे आज्ञांचा एक इनम करा: प्रत्येक आज्ञेचं नाव आणि तिला लागणारा तपशील त्याच्याच पोटात. एक फंक्शन १६ बिटांतून हा इनम तयार करील, दुसरं मॅच लावून तो अमलात आणील. या दुसऱ्या फंक्शनात 'बाकी सगळं' अशी सरसकट शाखा लिहू नका. मग एखादी आज्ञा विसरलात तर कंपायलर तिचं नाव घेऊन अडवतो. अनोळखी आज्ञा आली तर ती गिळून पुढे जाऊ नका. पत्ता आणि दोन्ही बाइट सांगणारी एरर रिझल्टमधून वर पाठवा. रस्टची चुका हाताळायची पद्धत याच निमित्ताने हातात बसते.

त्यानंतर बॉरो चेकर, म्हणजे कोण काय वाचतंय आणि बदलतंय यावर लक्ष ठेवणारा कंपायलरचा भाग, आडवा येतो, आणि तो नेमका 'डी'च्या चित्र काढणाऱ्या आज्ञेत येतो. सगळं यंत्र एका स्ट्रक्टमध्ये ठेवून एका मेथडने मेमरीतला चित्राचा तुकडा मागितला आणि तो हातात असतानाच दुसऱ्या मेथडने पडदा बदलायला गेलात, की कंपायलर नाही म्हणतो. त्याला एवढंच दिसतं, की अख्खं यंत्र एकीकडे वाचायला दिलंय आणि त्याच वेळी बदलायलाही मागितलंय. इथे वैतागून जिथे-तिथे क्लोन लावण्याचा मोह होतो; काही जण तर आरसी आणि रेफसेलपर्यंत जातात. चिप-८ ला यातलं काही लागत नाही. पडदा वेगळा स्ट्रक्ट करा, 'चित्र काढ' ही त्याची मेथड करा आणि तिला मेमरीचा तुकडा थेट फील्डमधून द्या. मेमरी आणि पडदा ही दोन वेगळी फील्ड आहेत हे कंपायलरला आता दिसतं आणि तो वाट मोकळी करतो. वर रचनाही सुधारते, कारण पडद्याची चाचणी आता बाकीच्या यंत्राशिवाय घेता येते.

चित्र काढण्याचं काम समजायला शून्याचा अंक घ्या. चिप-८ च्या फॉन्टमध्ये तो पाच बाइटांचा आहे: एफ०, ९०, ९०, ९०, एफ०. बाइनरीत लिहिलं की ११११, १००१, १००१, १००१, ११११ अशा पाच ओळी दिसतात आणि त्यात शून्याचा आकार चक्क डोळ्यांना दिसतो. हे बिट पडद्यावरच्या पिक्सेलशी एक्सऑर करायचे. त्यामुळे तेच चित्र त्याच जागी पुन्हा काढलं की पुसलं जातं. चेंडू हलवायला गेम हीच युक्ती वापरतात. पेटलेला पिक्सेल विझला तर व्हीएफ १, आणि टक्कर झाली की नाही हे गेमला त्यावरूनच कळतं. चित्राची सुरुवातीची जागा पडद्याबाहेर असेल तर ती गोल फिरवून आत आणायची. पण चित्राचा कडेबाहेर गेलेला भाग मूळ यंत्रावर कापला जात असे. या दोन नियमांची गल्लत फार होते.

वेळेचं गणित सोपं ठेवा. एका फ्रेममध्ये दहा-अकरा आज्ञा चालवा, दोन्ही टायमर एकाने कमी करा, पडदा दाखवा, पुढच्या फ्रेमची वाट बघा. सेकंदाला अशा ६० फ्रेम. प्रत्येक आज्ञेनंतर स्लीप लावू नका. टायमरसाठी वेगळा थ्रेडही नको. गो शिकणाऱ्यांना इथे गोरुटीन वापरायची फार हौस येते. पण टायमर एकीकडून वाचला जातोय आणि दुसरीकडून बदलला जातोय, अशी धोक्याची अवस्था त्यातून तयार होते आणि बदल्यात मिळत काहीच नाही.

कीपॅडसाठी कीबोर्डच्या डाव्या अंगाचा चार बाय चार चौकोन वापरायची रीत आहे: वरून एक ते चार आणि त्यांच्या खालच्या तीन ओळी. टर्मिनलमध्ये बटण सोडल्याचं सहसा कळत नाही. म्हणून खिडकी उघडणारी लायब्ररी आणायची ती या टप्प्यावर, त्याआधी नाही.

आता चाचण्या. रस्टमध्ये चाचण्या चालवण्याची सोय कार्गो या तिच्या बिल्ड-साधनातच आहे. प्रत्येक आज्ञेबरोबर दोन-तीन छोट्या चाचण्या लिहीत चला. त्याशिवाय चिप-८ साठी तयार चाचणी-रॉम, म्हणजे गेमसारख्याच भरायच्या चाचणीच्या फाइली, मिळतात. ते आज्ञा आणि व्हीएफचं वागणं तपासून बरोबर-चूक पडद्यावर दाखवतात. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: चिप-८ चं वागणं सगळीकडे सारखं नाही. १९९० च्या सुमारास एचपी-४८ कॅल्क्युलेटरवर तिचे नवे अवतार आले तेव्हा काही आज्ञांचे अर्थ बदलले. बिट सरकवणारी आज्ञा मूळ यंत्रावर दुसऱ्या रजिस्टरातली किंमत सरकवून पहिल्यात ठेवत असे. कॅल्क्युलेटरवर ती पहिल्यालाच जागच्या जागी सरकवू लागली. म्हणून एखादा गेम चुकीचा चालला तर तो कुठल्या अवताराचा आहे हे आधी बघा. हे फरक कोडमध्ये इफ लिहून विखरून टाकू नका. एका छोट्या स्ट्रक्टमध्ये सेटिंग म्हणून ठेवा.

चिप-८ चे एम्युलेटर इतक्या लोकांनी लिहिलेत की एआयच्या साधनाला सांगितलं तर ते मिनिटभरात पूर्ण कोड देईल. तो घेऊ नका. त्याच साधनाला कंपायलरची एरर दाखवून 'हे असं का म्हणतोय' हे जरूर विचारा. दुसऱ्यांचा कोड वाचायचा तो स्वतःचा चालू झाल्यावर. तेव्हा प्रत्येक ओळीत त्यांनी काय निवडलं आणि आपण काय, हे कळतं. कोड तपासून सुधारणा सुचवणाऱ्या क्लिपी या रस्टच्या साधनाच्या सूचनाही त्याच वेळी एकेक करून समजून घ्या.

गेम कुठून आणायचे? गेम जुना झाला म्हणून त्याचा कॉपीराइट संपत नाही. निन्टेन्डोच्या गेमचे रॉम फुकट मिळतात याचा अर्थ ते घ्यायला परवानगी आहे असा नाही. चिप-८ साठी हा प्रश्न फारसा येत नाही. लेखकांनी स्वतः हक्क सोडून सर्वांसाठी खुले केलेले गेम मुबलक आहेत.

या प्रकल्पातून काय मिळणार नाही तेही सांगायला हवं. नेटवर्क, डेटाबेस, युनिकोड मजकूर, असिंक कोड यांच्याशी त्याचा संबंध येत नाही. सर्व्हर लिहिण्यासाठी गो शिकत असाल, तर तिचा जो भाग तुम्हाला हवाय तो इथे सापडायचा नाही. त्यासाठी छोटा चॅट सर्व्हर बरा. आकडे, मेमरी, डेटाचे प्रकार आणि रचना यांच्याशी ज्या भाषेत सारखा सामना करावा लागतो, म्हणजे रस्ट, सी, सी प्लस प्लस, झिग, त्या भाषांसाठी एम्युलेटरसारखा सराव नाही.

चिप-८ झाल्यावर पुढे गेम बॉय घ्या. १९८९ सालचं हे यंत्र: पडदा १६० बाय १४४, प्रोसेसर ४.१९ मेगाहर्ट्झचा, आज्ञा सुमारे ५००. चिप-८ चा कोड ओढूनताणून त्यात बसवू नका, नव्याने सुरू करा. इथे मेमरीचा प्रत्येक पत्ता म्हणजे साधी मेमरी नसते. कुठे पडदा असतो, कुठे टायमर, कुठे बटणं. त्यामुळे वाचणं-लिहिणं एकाच मॉड्यूलमधून जाऊ द्या; प्रोसेसरने मेमरीच्या ॲरेला थेट हात लावू नये. यंत्राची माहिती 'पॅन डॉक्स' या नावाने संकलित झालेली आहे. 'टेट्रिस'चा मूळ गेम ३२ किलोबाइटांचा, म्हणजे कार्ट्रिजमधले मेमरीचे तुकडे (बँक) आळीपाळीने समोर न आणणारा, म्हणून अनेकांचं पहिलं लक्ष्य तोच असतो. पण त्याआधी ब्लार्गच्या नावाने ओळखले जाणारे प्रोसेसरचे चाचणी-रॉम चालवा. ते आपला निकाल सिरियल पोर्टवरही लिहितात, म्हणून पडद्याचा कोड लिहायच्या आधीच, सिरियलच्या पत्त्यावर आलेला बाइट टर्मिनलवर छापून, कुठल्या गटातली आज्ञा चुकतेय ते कळतं.